इकडं तोंड कर की

"चारू, गाल आत ओढ," धनपाल सर म्हणाले. मी गाल आत ओढले आणि ते काळ्या पेन्सिलीनं माझ्या चेहऱ्यावर भूक काढायला लागले.

नाटकातली भूक अशीच काढतात. गालांच्या खाली काळं, डोळ्यांखाली थोडं करडं, ओठांवर पावडर. शेजारच्या खुर्चीत सुतार मास्तर दाढी चिकटवून, फाटकं घोंगडं पांघरून तिसरा वडा खात बसले होते. दाढीत चटणी जाऊ नये म्हणून त्यांनी मान पुढे काढली होती. ते नाटकातले आंधळे भिकारी. रिकाम्या पोटी उपाशी माणूस वठवता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आमच्या मंडळात बाकी कशावरही एकमत नसलं तरी या मुद्द्यावर कुणाचा मतभेद नव्हता.

आमचं मंडळ मिरजेचं, हौशी. दिवसा कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी मेडिकल दुकानात. ती दुपार इचलकरंजीतली होती, तिथल्या यंत्रमागांच्या सुट्टीच्या वाराची. याला आता पुष्कळ वर्षं झाली. मंडळ मोडलं, मास्तर गेले. पण ती दुपार अजून डोळे मिटले की तशीच सावकाश उतरते, एखाद्या स्वप्नात आपण पुन्हा पुन्हा एकाच खोलीत जावं तशी.

"आज कोण येणार तुझं?" सरांनी विचारलं.

"मावशी येईल म्हणाली आहे."

"म्हणाली आहे म्हणजे?"

"म्हणजे मान हलवली."

सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा गाल घेतला. त्यांना सगळं माहीत होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

माझ्या घरातली नाती उलटी करून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी होती. जिला मी आई म्हणत असे ती शालन, माझी मावशी. आणि जिला मावशी म्हणत असे ती तानूबाई, जिच्या पोटी मी जन्मले. माझा बाप गेला तेव्हा इचलकरंजीतल्या त्या एका खोलीत आम्ही तिघं भावंडं होतो, आणि मिळवणारी एकटी तानूबाई. ती मागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरणारी बाई थांबली की माग थांबतो. शालनला मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान रेल्वेत, मिरजेत दोन्ही वेळची चूल नीट पेटत होती. तेव्हा थोरामोठ्यांनी बसून शहाणपणाचा निर्णय घेतला आणि मधली पोर, म्हणजे मी, मिरजेला गेले. तिथं नवा फ्रॉक मिळाला. शाळेत चारुलता असं नाव लागलं. माझं आधीचं नाव पमी. ते कुणी मुद्दाम पुसलं नाही, वापरात राहिलं नाही इतकंच. शालन आईनं मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाही तर लोकांना गोष्टीत कुणीतरी वाईट लागतं.

गेले त्या दिवसातलं मला एकच आठवतं. शालन आईच्या यजमानांनी, म्हणजे पुढे मी ज्यांना बाबा म्हणायला लागले त्यांनी, मला निरोप घ्यायला कारखान्याच्या दारात नेलं. आत माग चालू होते. ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. तो कानात जात नाही, अंगात शिरतो. उन्हाचे पट्टे खिडक्यांतून तिरके आत आले होते आणि त्यांत कापसाचा भुगा तरंगत होता. तो इतका हळू खाली येत होता, की सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटावं. त्या पांढऱ्या धुक्याच्या पलीकडे ती उभी होती. तिनं मला पाहिलं. तिचे हात कांड्यांवर चालतच राहिले, आणि तिनं तोंडानं काहीतरी म्हटलं. ओठ दोनदा मिटून उघडले. मग गोल झाले. मग तोंड मोठं उघडलं आणि पुन्हा गोल झालं. मी तिच्याकडे बघून हसले, हात हलवला. बाबांनी माझा हात धरला आणि आम्ही एसटी स्टँडवर गेलो.

मागाच्या कारखान्यात बोलणं असंच चालतं, हे मला पुढे कळलं. आवाज तिथं फुकट जातो, म्हणून कुणी तो खर्चच करत नाही. ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी गाऱ्हाणी सांगते आणि मधल्या कुणाच्या कानाला खबर लागत नाही, डोळ्यांना मात्र सगळी लागते. मला त्या वयात यातलं काही वाचता येत नव्हतं.

मी मोठी होत गेले तसे ते ओठ माझ्याबरोबर मोठे होत गेले. वेणी घालताना आरशासमोर मी ते करून बघायची. दोनदा मीट, गोल, मोठं, गोल. त्यात निरनिराळी वाक्यं बसवायची. कधी त्यात माया बसायची, कधी नुसती ताकीद. 'फ्रॉक मळवू नको' हेसुद्धा ओढूनताणून बसत होतं. तसंच काही निघालं तर, या भीतीनं मी तिला कधी विचारलं नाही.

आणि विचारणार तरी कधी? ती वर्षातून एकदा मिरजेच्या उरुसाला यायची. चिरमुऱ्याची पिशवी ओट्यावर ठेवायची आणि सोप्यात अगदी कडेला टेकायची, कुणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशी. "बरी हायस नव्हं?" एवढं विचारायची, तेही मोठ्यानं, सगळी गल्ली बरी आहे का ते विचारल्यासारखं. मला ती कुठल्याच नावानं हाक मारायची नाही, ना जुन्या ना नव्या. बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघायची नाही, तोंडाकडे बघायची. मला वाटायचं, माझ्या तोंडाला काही लागलंय, नाही तर माझं तोंडच तिला आवडत नाही. मागांनी तिचे कान कधीच खाल्ले होते आणि माझं बोलणं तिला दिसल्याशिवाय कळत नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आमच्या नाटकाचं नाव 'मूठपसा'. दुष्काळात घर सोडून निघालेली एक बाई आणि तिची येसू नावाची पोर, एवढीच गोष्ट. वाटेत आंधळा भिकारी, दुकानदार, धर्मशाळेचा राखणदार. आणि शेवटी ती बाई पोरीला एका परक्या घराच्या ओट्यावर बसवते आणि मागं न बघता निघून जाते. अवघड नाटक होतं. सांगलीला मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि सरांना आनंद मावेना. "सोसवत नाही लोकांना. हेच पाहिजे," ते म्हणाले. जयसिंगपूरला एक गृहस्थ प्रयोग संपल्यावर आत आले आणि माझ्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवून डोळे पुसत निघून गेले. तो पुडा सुतार मास्तरांनी टेम्पोतच संपवला.

मी मात्र ते नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा गच्चीवर जाऊन बसले होते. त्या बाईचं काम मला होतं, आणि मला तिचाच राग आला होता. नाटकातल्या बाईवर चिडणं हा वेडेपणा, पण चिडले. मागं न बघता जाते म्हणजे काय? एवढी काय घाई होती? मग तालमी सुरू झाल्या, आणि शेवटच्या प्रवेशात एक जागा आली. तिथं लेखकानं ओळच लिहिलेली नव्हती. ती पोरीला काहीतरी सांगते, आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

"इथं पोरीची पाठ प्रेक्षकांकडे, तुझं तोंड समोर, आणि तोंडावर एक दिवा," सर म्हणाले. "आवाज काढायचा नाही. ओठांनी काय म्हणायचं ते म्हण. ज्याचं त्यानं भरून घ्यावं."

मी वाकले आणि ओठ हलवले. दोनदा मीट, गोल, मोठं, गोल. ठरवलं नव्हतं, झालं.

"काय म्हणालीस?"

"माहीत नाही सर."

"वा," सर म्हणाले. "बदलू नकोस."

म्हणून इचलकरंजीचा प्रयोग ठरला तेव्हा माझ्या मनानं एकच धरलं. तिनं ते बघावं. जे मला विचारता येत नव्हतं ते नाटकानं विचारावं, आणि मला काय सांगून पाठवलं होतं ते एकदा कळावं. शालन आई तांदूळ निवडत होती. मावशीला नाटकाचं आमंत्रण द्यायला जाते असं मी तिला म्हणाले, तर तिनं सुपातून मान वर केली नाही.

"ती तसलं बघंल का, ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण तू बोलावलं नाहीस असं व्हायला नको. माझं लुगडं घेऊन जा तिच्यासाठी, निळं. म्हणावं, नवंच आहे."

नाट्यगृह गच्च भरलं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत निळं लुगडं होतं. तिच्या शेजारी मुमताज चाची, तिच्याबरोबर कांड्या भरणारी, आणि पुढे-मागे मागांवरचे लोक, बायका, पोरंबाळं. सगळे एकमेकांशी बोलत होते आणि सगळे ओरडून. सर विंगेत माझ्या शेजारी उभे होते. "शांत बसतील ना ग?" त्यांनी विचारलं. त्यांच्या नाटकाला हा गोंगाट मानवेल असं त्यांना वाटत नव्हतं.

पडदा वर गेला. आणि पहिल्या प्रवेशातच तमाशा झाला. सुतार मास्तरांचं लांबलचक स्वगत होतं, आंधळ्याचं, आणि मास्तर ते पाठमोरे उभे राहून सुरू करत. ती त्यांची खास जागा. पाठ प्रेक्षकांकडे, खांदे पडलेले, आणि आवाज खर्जातला. चार वाक्यं झाली असतील नसतील, मागून एक बाई म्हणाली, "ओ म्हातारबा, इकडं तोंड करा की."

मास्तर बोलत राहिले. दुसरीकडून एका बाप्यानं तेच सांगितलं, जरा जोरात. मग तिसऱ्यानं. "इकडं तोंड कर की रं, काय म्हणतोस ते दिसंना!" मास्तर चिडले, वळले, आणि वळल्याबरोबर सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. सरांनी कपाळाला हात लावला. "यांना ऐकू येत नाही का?"

"येत नाही," मी म्हणाले. "बघतायत ते."

मला हसू फुटलं होतं. आणि ते तसंच थांबलं. मी धरून चालले होते की ती एकटी वाचेल. इथं तर सगळेच वाचत होते. एका बाईला विचारायचा प्रश्न मी सगळ्या गावापुढे मांडणार होते आणि तो कसला प्रश्न आहे हे मला एकटीलाच माहीत नव्हतं.

पुढचा प्रयोग मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतो. दिव्यांच्या झोतात धूळ तरंगत होती आणि ती खाली यायचं नाव घेत नव्हती. सांगलीला जिथं लोक रडायचे तिथं हे रडले नाहीत. बाई दुकानदाराला बोलण्यात गुंतवून मूठभर शेंगदाणे पदराआड करते, तिथं सांगलीला सुस्कारे निघायचे. इथं लोक मनापासून हसले, एकानं शिट्टी मारली. मात्र बाई रिकामं भांडं घासते, नुसतंच घासत राहते, तेव्हा कुठं लहान मूलसुद्धा कुरकुरलं नाही. मी भांडं घासत होते आणि ते शेकडो डोळे माझ्या हातांवरून माझ्या तोंडावर येऊन थांबल्याचं मला कळत होतं. मी कुठल्या गावात आहे, कितव्या वर्षाची आहे, हे सगळं सैल होत चाललं होतं.

शेवटचा प्रवेश आला. ओटा, त्याच्यावर दिवा, समोर पाठमोरी येसू. येसूचं काम मास्तरांची नात करायची. बाकीचे दिवे हळूहळू गेले आणि एक माझ्या तोंडावर राहिला. मला समोर काहीच दिसत नव्हतं, निळं लुगडंही नाही. मी वाकले, पोरीचा हात हातात घेतला आणि म्हटलं. दोनदा मीट, गोल, मोठं, गोल.

अंधार क्षणभर तसाच राहिला. मग तिसऱ्या रांगेच्या आसपास कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली? म्हातारीचं डोकं आड आलं."

आणि मुमताज चाचीचा आवाज आला, माग चालू असल्यासारखा मोठा. "पमे, नको जाऊस, म्हणतीया."

"पमी कोण? पोरीचं नाव तर येसू हाय."

"नाव चुकली असंल बिचारी."

"आन नको जाऊस म्हणतीया तर सोडतीया कशाला मग?"



मी तशीच वाकून होते. पमे, नको जाऊस. इतकी वर्षं मी ते वाक्य तोंडात घेऊन हिंडत होते आणि त्यात माझं नाव आहे हे मला कळलं नव्हतं. माझंच नाव मी विसरले होते, मग ते ओळखणार कशी? मी पोरीचा हात तसाच धरून ठेवला. मास्तरांची नात हळूच म्हणाली, "मावशी, हात सोड की." तिला ओट्यावर जाऊन बसायचं होतं. मी तिचा हात सोडला. ती बसली. मग मी वळले आणि मागं न बघता गेले, कारण नाटकात जायचं होतं.

पडदा पडला. टाळ्या वाजल्या की नाही ते आठवत नाही. सर म्हणाले, "आज तू भलतीच लांबवलीस ती जागा, पण छान झालं." मी तोंड न पुसताच बाजूच्या दारानं खाली गेले. लोक बाहेर पडत होते, एकमेकांशी ओरडून बोलत. दोघी-तिघींनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि बोटांना काळं लागलं म्हणून हसल्या.

ती जागेवरच होती. मुमताज चाची तिच्या शेजारी उभी.

"हिला उठीव ग बाई," चाची मला म्हणाली. "मगापासनं उठंना झालीया. आन तू ग, नाव चुकलीस की नाटकात."

"होय चाची. चुकलं."

चाचीनं एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय जुळलं ते देव जाणे. "मी दारात हाय," ती म्हणाली आणि गेली.

मी पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर उलटी, गुडघे टेकून बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. निळ्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती. तिनं बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं.

"म्हंजे तवा तुला कळलं हुतं," ती म्हणाली. रिकाम्या नाट्यगृहात ते घुमलं.

"नाही," मी म्हणाले. "आज कळलं."

"आज?"

"आत्ता. चाची बोलली तेव्हा."

तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग हसलीस का?"

"तू काहीतरी बोललीस म्हणून."

"हात हलवलास की. मी बगितला न्हवं."

"मला वाचायला येत नव्हतं," मी म्हणाले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "मी लहान होते. मला तुमचं ते ओठांचं वाचायला येत नव्हतं."

कारखान्यातल्या बायकांना ते बोलणं शिकावं लागतं हे त्यांना आठवतसुद्धा नाही, जसं आपण चालायला कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही. पोर आपली आहे, समोर उभी आहे, आपल्या तोंडाकडे बघतेय, तर तिला कळलंच असणार. दुसरं काही तानूबाईच्या मनातच आलं नव्हतं.

"सकाळी मीच म्हटलं हुतं, जा म्हणून," ती म्हणाली. "तुझं कापडाचं गठुळं मीच बांदलं. दारात तुला बगितलं आन मला ऱ्हाववंना. म्हटलं, नको जाऊस. तू हसलीस आन गेलीस."

"आणि तुला वाटलं..."

"मला काय वाटायचं? पोरीनं ऐकलं, तरी गेली. शाणी हाय, पोटाचं कळतंय तिला. हितं ऱ्हाऊन काय खाणार हुती?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला राग न्हाई आला कदी. बरं केलंस असंच म्हणायची मी. पर मग तुला माघारी ओढणारी मी कोण?"

"म्हणून कधी नावानं हाक मारली नाहीस?"

"मारली की येकदा. तू हसून गेलीस," ती म्हणाली. "मग दुसऱ्यांदा मारायला तोंड ऱ्हायलं न्हाई."

मला रडू फुटलं. असं फुटलं की लाजच वाटली नाही. उरुसाच्या त्या सगळ्या दुपारी डोळ्यांपुढून गेल्या. ती सोप्याच्या कडेला बसलेली, मी चिरमुरे घेऊन आत पळणारी, दोघींनाही वाटणारं की दुसरीनं आपल्याला सोडलं. गालांवरची भूक ओघळून हनुवटीवर आली. तिनं निळ्या लुगड्याचा कोरा पदर घेतला आणि त्यानं माझं तोंड पुसायला लागली. मी नको नको म्हणत होते, पण माझ्या ओठांवरच पदर असल्यानं तिला ते दिसत होतं की नाही कुणास ठाऊक.

"हे शालनला सांगू नगंस," ती म्हणाली. "तिला लागंल. तिनं तुझं लई केलं."

"नाही सांगत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. माझी मान किंचित वळली असेल, तेवढंही तिनं टिपलं.

"बलवत्यात काय?"

"हो."

तिनं माझ्या तोंडावरचा हात काढला. पुन्हा कडेला सरकून बसली, अगदी उरुसाला बसायची तशी, आणि पिशवी मांडीवर घेतली. कुठूनतरी वरच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती, आणि मला एकदम वाटलं की मधली वर्षं अजून व्हायचीच आहेत.

"परत म्हण," मी म्हणाले.

"काय?"

"तेच. तेव्हाचं. या खेपेला आवाजात म्हण."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. आयुष्यभर ओरडून बोललेली बाई, तिच्या घशातून एवढंसुद्धा निघेना. मग तिनं प्रयत्न सोडला आणि नुसते ओठ हलवले. दोनदा मिटले. गोल झाले. तोंड मोठं उघडलं. पुन्हा गोल झालं.

मी वाचलं.

"चारू," दारातून धनपाल सरांची हाक आली, "चल लवकर, टेम्पो सुटतोय."

मी मान वळवली नाही. हॉर्न आणखी एकदा वाजला. सर काहीतरी म्हणाले, मग दारात मुमताज चाचीचा आवाज आला, मग कुणाचाच आला नाही. टेम्पो सुरू झालेला मी ऐकला, कोपऱ्यावर वळलेलाही ऐकला. तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती पिशवी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आता काय म्हणते म्हणून.

मी तोंड चांगलं मोठं उघडून, तिला स्पष्ट दिसेल असं म्हटलं, "राहते."